रेडिएशन किंवा केमिकल देऊन सोयाबीनमध्ये म्युटेशन घडवतात, त्यातून जीनचं काम कसं कळतं आणि वाण खरंच सुधारतं का?

हो, दोन्ही होतं, पण सोयाबीनमध्ये जरा चिकाटी लागते. जीन बंद पाडायचा आणि झाडाचं काय अडतं ते बघायचं, मूळ कल्पना एवढीच. त्यासाठी बियांना गॅमा किरण किंवा न्यूट्रॉन देतात नाहीतर ईएमएस नावाच्या केमिकलमध्ये भिजवतात. ईएमएसने डीएनएमधलं एकेक अक्षर बदलतं, न्यूट्रॉनने बऱ्याचदा तुकडाच उडतो. पहिल्या पिढीत फारसं काही दिसत नाही कारण जोडीतली एकच प्रत बदललेली असते, पण सोयाबीन स्वतःच्याच परागावर बी धरतं, त्यामुळे पुढच्या पिढीत साधारण चारातल्या एका झाडात दोन्ही प्रती बदललेल्या येतात, आणि निवड तिथून सुरू होते.

आता खरी अडचण. 2010 मध्ये सोयाबीनचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 46,000 जीन निघाले आणि त्यातल्या जवळपास 75 टक्के जीन्सच्या एकाहून जास्त प्रती, कारण या पिकाच्या पूर्वजांमध्ये पूर्ण जीनोमच दोनदा दुप्पट झालाय. म्हणजे एक जीन बिघडवला तरी त्याचा भाऊ काम सांभाळून घेतो आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही.

तेलाचं उदाहरण बघा. तेलातल्या ओलेइक आम्लाचं लिनोलेइक या दुसऱ्या आम्लात रूपांतर करणारे एफएडी2-1ए आणि एफएडी2-1बी हे दोन जीन बियांमध्ये चालतात. एकच बंद असेल तर फरक मर्यादित, पण एक्स-रेने पहिला जीन गमावलेली ओळ (म्हणजे एकाच वंशाची झाडं) आणि दुसऱ्यात निसर्गतःच बिघाड असलेली ओळ यांचा संकर केल्यावर ओलेइक 20 टक्क्यांच्या आसपास होतं ते 80 च्या घरात गेलं. असं तेल तळणात जास्त टिकतं, आणि यात बाहेरचा जीन घातलेलाच नाही, म्हणून हे जीएम नाही.

मला मात्र मुळांवरच्या गाठींचं काम जास्त भारी वाटतं, म्हणजे ज्या गाठींतले जिवाणू झाडाला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात त्या. 1985 मध्ये ब्रॅग या सोयाबीनच्या वाणावर ईएमएस वापरून अशी झाडं मिळाल्याचं जाहीर झालं की ज्यांच्या मुळांवर गाठीच गाठी, एरवी गाठी रोखणारं नायट्रेट खत दिलं तरी थांबेनात. मग कलमं करून पाहिली तर कळलं की गाठी किती धरायच्या हे मुळं नाही, वरचा खोड-पानांचा भाग ठरवतो! हे नियंत्रण करणारा जीन 2003 मध्ये सापडला, त्याचं नाव जीएमएनएआरके. पण एवढ्या गाठी झाडाची साखर खातात, त्यामुळे उत्पादन सहसा घटतं, म्हणजे जीन समजायला हे म्युटंट सोनं आणि थेट पेरायला मात्र कामाचं नाही.

आणि चांगला म्युटंट मिळाला तरी त्याच झाडात नको असलेले कितीतरी बदल असतात, ते काढायला मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो, वर्षं तिथेच जातात.