शेव्हेल एसएस ४५४: प्रमाणपत्र नको, ब्लॉकवरची तारीख वाचा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ (शेव्हरोलेटची जुनी ताकदवान गाडी, ४५४ म्हणजे घनइंचात इंजिनाचा आकार), एलएस६ इंजिन (त्या ४५४ चा ४५० अश्वशक्तीचा प्रकार), ९५ हजार डॉलर, सोबत मूल्यांकनाचं प्रमाणपत्र, आणि पाच वर्षांत भाव वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. २०२१ साली मी इथे मिशिगनमध्ये हेच विचारत होतो. गाडी एसएस ३९६ होती, एवढाच फरक. भावाचं नंतर बोलू. आधी ती गाडी खरी आहे का, ते बघा.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कसा वाचायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. पण १९७० च्या शेव्हेलमध्ये तो तुम्हाला फारसं काही सांगणार नाही. त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, मालिबू या शेव्हेलच्याच साध्या प्रकारावर घ्यायचा पर्याय होता: ३९६ साठी झेड२५, ४५४ साठी झेड१५. साध्या ३०७ इंजिनाची दोन दारांची हार्डटॉप मालिबू आणि ४५० अश्वशक्तीची एलएस६, दोघींचा क्रमांक १३६३७ नेच सुरू होतो. एलएस६ इंजिनं बसवली गेली ४,४७५. आज बाजारात एलएस६ म्हणून फिरणाऱ्या गाड्यांत मालिबूपासून बनवलेल्या किती, हे गाडी बघून कोणीही सांगू शकत नाही. बॉनेट, पट्टे, बिल्ले, डॅशबोर्ड, सगळं नवं विकत मिळतं.

आता माझी चूक. विक्रेत्याने मला एका मूल्यांकन कार्यालयाचं अकरा पानी प्रमाणपत्र दाखवलं. त्यात रंगाची जाडी होती, फोटो होते, आणि ‘मूळ इंजिन, क्रमांक जुळतात’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मला ते पुरेसं वाटलं. वर मी त्याच कार्यालयाला ४५० डॉलर देऊन स्वतःच्या नावाने ताजं प्रमाणपत्र करून घेतलं, विम्यासाठी. त्यांनी जुनंच वाक्य पुन्हा छापलं. मी ५८ हजार मोजले.

२०२४ मध्ये विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने आपला माणूस पाठवला. त्याने इंजिनावर उजव्या हेडच्या पुढची शिक्क्याची सपाट जागा, जिथे क्रमांक ठोकतात ती, चिंधीने पुसली आणि टॉर्च तिरपा धरला. कारखान्यात ब्लॉक (इंजिनाचा ओतीव सांगाडा) तासताना त्या जागेवर पुढून मागे बारीक समांतर रेघा उमटतात. माझ्या ब्लॉकवर एकही रेघ नव्हती. जागा घासून त्यावर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे पुन्हा ठोकले होते. मग त्याने गाडी उचलून ब्लॉकवर ओतलेली तारीख वाचली: एच १२ ०, म्हणजे १२ ऑगस्ट १९७०. आणि काउलच्या, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या, पट्टीवर गाडीची तारीख होती ०३सी, मार्चचा तिसरा आठवडा. गाडी कारखान्यातून निघाल्यावर पाच महिन्यांनी ओतलेलं इंजिन तिचं मूळ इंजिन कसं असेल? ही तारीख वाचायला दहा मिनिटं पुरली असती. ना मी वाचली, ना अकरा पानं लिहिणाऱ्याने.

कार्यालयाला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्यांदा, ज्याने पाहणी केली तो माणूस आता तिथे नाही. तिसऱ्यांदा शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं: आम्ही किंमत ठरवतो, अस्सलपणाची हमी देत नाही. मग ‘क्रमांक जुळतात’ हे वाक्य लिहिता कशाला? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि अजूनही राग जात नाही. शेवटी गाडी ३६ हजारांना गेली. स्वतःच्या वापरातल्या वस्तूच्या विक्रीतला तोटा करात दाखवता येत नाही, तेही तेव्हा कळलं. (मी कर सल्लागार नाही, आपल्या माणसाला विचारा.)

यात बाजाराचाही हात होता, ते कबूल. २०२१-२२ मध्ये लोकांकडे पैसा होता, व्याज कमी होतं, काहीही विकलं जात होतं. नंतर हवा उतरली. माझं मत असं की भाव उतरतात तेव्हा सगळ्या गाड्यांचे सारखे उतरत नाहीत. २००८ नंतरही नकली आणि कागद नसलेल्या गाड्या आधी आपटल्या. कागदपत्रं असलेली एलएस६, हेमी कूडा (क्रायस्लरच्या प्लायमाउथची हेमी इंजिनाची गाडी), फक्त ६९ नग बनलेली शेव्हरोलेटची झेडएल१ कॅमेरो, यांना गिऱ्हाईक टिकून राहतं. १९७१ ची हेमी कूडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली होती. ती बातमी वाचून आपल्या गाडीचा भाव लावू नये. आणखी एक, ज्यांनी या गाड्या तरुणपणी पाहिल्या ती पिढी आता सत्तरीत आहे. पुढे मागणी कोणाकडून येणार, याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून गुंतवणूक म्हणून घेऊ नका, असंच सांगेन. रविवारी चालवायला घ्या.

खात्रीसाठी कागद हवेत, आणि शेव्हरोलेटचं दुखणं तिथेच आहे. अमेरिकेत विकलेल्या एकेका गाडीची कारखान्यातली नोंद मिळत नाही, कॅनडात विकलेल्यांची मिळते. म्हणून मूळ बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते) किंवा डीलरचं त्या काळचं बिल, यांतलं काहीतरी हवंच. त्यांच्याही नकला होतात, तेव्हा कागद आणि लोखंड दोन्ही जुळायला हवं. मन शेव्हेलवरच अडलेलं नसेल तर पाँटियाकची जीटीओ बघा, तिची कारखान्यातली नोंद पीएचएसकडून (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मिळते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून बनवलेला अहवाल, आहे. क्रायस्लरच्या १९७०-७१ च्या गाड्यांत व्हीआयएनचं पाचवं अक्षर आर असेल तर गाडी हेमी घेऊनच निघाली होती. हे शेव्हेलमध्ये असतं तर माझे २२ हजार वाचले असते.

जाता जाता: जाहिरातीतली मागणी म्हणजे भाव नव्हे, झालेल्या विक्रीचे आकडे बघा. लिलावातून घेणार असाल तर वर साधारण दहा टक्के कमिशन धरा. विमा आधी ठरवलेल्या रकमेचाच घ्या.

मी मूल्यांकनकार नाही, आणि ती गाडी मी पाहिलेली नाही. ती खरी असूही शकते. पण पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: शिक्क्याची जागा, ब्लॉकवरची ओतीव तारीख आणि काउलची पट्टी. शिक्क्यावर सीआरव्ही (एलएस६ चा सांकेतिक कोड) दिसलं तरी हुरळून जाऊ नका, ती तीन अक्षरं कोणीही ठोकू शकतो. आधी रेघा बघा. फोटो आले की इथे टाका, व्हीआयएनचे शेवटचे आकडे झाकून. मी त्याच दिवशी बघतो.