लाल ओळी मोजणं थांबवा

सप्रेम नमस्कार,

तुमचा मुलगा बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला. देवगडला घरी बसून त्याने प्रोजेक्ट केलं, वेब पेजमधल्या प्रत्येक व्हेरिएबलची व्हॅल्यू दाखवणारं डीबगिंग (कोडमधले दोष शोधायचं) पॅनेल. परीक्षकांसमोर ते टाइप-एरर (व्हॅल्यूचा प्रकार न जुळल्याची चूक) देऊन बंद पडलं आणि 'याला यात गती नाही, एमपीएससीला बसवतो' असं तुम्ही ठरवून टाकलंत. एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, एमसीएची सीईटीही आहे. तो विषय पळून जात नाही.

मला खटकलं ते वेगळंच. रोज रात्री त्याच्या पाठीशी उभं राहून तुम्ही स्क्रीनवरच्या एररच्या लाल ओळी मोजता, आणि 'धाक बसल्यापासून चार दिवस एकही नाही' असं कौतुकाने लिहिता. चार दिवसांत तो सुधारला नसावा, लपवायला शिकला असावा. ट्राय ('हे करून बघ') लिहून कॅच ('अडलं तर हे कर') रिकामा सोडला की लाल ओळ जाते, बिघाड राहतो. पेटीत वरच्या थराला चांगले आंबे लावण्यातला हा प्रकार, बागायतदाराला मी काय सांगावं!

एरर आली म्हणजे पोराला येत नाही, हा गैरसमज. जावास्क्रिप्ट या वेब पेजच्या भाषेत सगळ्याची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, होतेच असं नाही. ऑब्जेक्ट.क्रिएट(नल)ने बनवलेल्या ऑब्जेक्टला टूस्ट्रिंग (स्वतःचा मजकूर देणारं फंक्शन) नसतंच; स्ट्रिंग करायला गेलं की टाइप-एरर. सिम्बॉल (एकमेव ओळखखूण म्हणून वापरायची व्हॅल्यू) अधिक चिन्हाने रिकाम्या स्ट्रिंगला जोडला की तीच गत, स्ट्रिंग() फंक्शनला दिला तर मात्र चालतो. जेसन.स्ट्रिंगिफाय हे मजकूर करणारं तयार फंक्शन बिगइंटवर (फार मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) आणि स्वतःचाच संदर्भ पोटात असलेल्या ऑब्जेक्टवर अडतं. कुणी स्वतः लिहिलेलं टूस्ट्रिंगही एरर फेकू शकतं. डीबगरच्या वाट्याला असल्याच व्हॅल्यू येणार, बिघडलेल्या कोडसाठीच तर तो उघडतात.

म्हणून रूपांतर एकाच फंक्शनमध्ये हवं, प्रत्येक व्हॅल्यूला वेगळा ट्राय, म्हणजे एक अडली तरी बाकीच्या दिसतात. कॅचमध्ये टाइपऑफने प्रकार घेऊन 'ऑब्जेक्ट: मजकूर करता आला नाही' अशी ठरलेली ओळ दाखवावी. पकडलेल्या एररचा मेसेज तिथे थेट वाचू नये. जावास्क्रिप्टमध्ये थ्रो नल, म्हणजे एररऐवजी 'काहीच नाही' फेकणंसुद्धा चालतं, आणि नलचा मेसेज मागितला की कॅचच कोसळतो.

वर आलेले पाचही प्रकार त्याला पॅनेलमध्ये टाकू द्या. पाच ओळी दिसायला हव्यात, जमली नाही ती लालच. तेवढा वेळ तुम्ही ओटीवर बसा.