ड्रॉसेरा, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारं रोप, हिरवाच राहतोय?
लाल रंगासाठी खत घालू नका, उलटंच होईल. तो रंग अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याचा. ऊन आणि उपाशी माती मिळाली की चढतो, नायट्रोजन मिळाला की उतरतो. म्हणून आधी कुंडी उन्हाच्या बाल्कनीत हलवा. माती म्हणजे बिनखताचं पीट मॉस (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि धुतलेलं परलाइट (हलके पांढरे खडे). पीटचा पीएच साधारण ४, म्हणजे आम्लधर्मी. नर्सरीतली लाल माती, शेणखत नकोच.

खरा घात पाण्याचा. घोडबंदरला सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. ते क्षार आम्लता मारतात, मुळं करपवतात. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या आत ठेवा. पावसाळ्यात गच्चीवर बादली लावा, ठाण्यात पावसाला काय तोटा! आणि रोप एकाएकी लाल झालं तर लगेच खूश होऊ नका. पानांवर चिकट थेंब नसतील तर ती लाली त्रासाची असू शकते.