सी-६० वर मंद इलेक्ट्रॉन सोडला तर नेमकं काय होतं? आणि रेणूची वाफच का करायची?

तुम्ही शहाद्याहून विचारलंय की एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे अणू-रेणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) इलेक्ट्रॉन सी-६० सारख्या मोठ्या कार्बन रेणूवर, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या पोकळ गोळ्यावर, गेला तर काय होतं, आणि त्यासाठी घन थर सोडून वाफेचा खटाटोप कशाला. एम.एस्सी.ला असताना या विषयावर बोलायला कुणी भेटत नाही, असंही लिहिलंय. मी जळगाव जिल्ह्यात कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गोळी जाऊन आदळते हे चित्र डोक्यातून काढा. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.२ नॅनोमीटर असते, आणि सी-६० चा व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर. येणारी लाटच रेणूपेक्षा मोठी! ती एकेका अणूला धडकत नाही, साठही अणूंना एकदम कवेत घेते. ऊर्जा १०० पर्यंत नेली की तरंगलांबी ०.१२ वर येते, कार्बन-कार्बन बंधाच्या आसपास, आणि मग कुठे अणू वेगवेगळे जाणवू लागतात.

वाफेचं कारण यातच आहे. घन सी-६० मध्ये शेजारी रेणूंच्या केंद्रांतलं अंतर साधारण १ नॅनोमीटर असतं. १.२ ची लाट तिथे एका रेणूपुरती राहीलच कशी? म्हणून निर्वातात छोट्या भट्टीत पूड ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि वाफेच्या झोतावर आडवा इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. याचीही किंमत मोजावी लागते. इतक्या तापमानाला रेणूच्या कंपनांतच कित्येक इलेक्ट्रॉन-व्होल्ट साठलेले असतात, येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे असतात त्यापेक्षा जास्त. शिवाय वाफेची घनता नेमकी मोजणं अवघड. त्यामुळे अशा शोधनिबंधांत आलेखाच्या आकारावर मी भरवसा ठेवतो, काटछेदाचा (क्रॉस-सेक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉनला रेणू किती मोठं लक्ष्य वाटतो त्याचं माप) निव्वळ आकडा मात्र जपून वापरतो.

मला सगळ्यात भावतो तो भाग पुढचा. नायट्रोजनच्या रेणूत २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन अडकतो खरा, पण काही फेम्टोसेकंदांत निसटतो. सी-६० त्याला धरून ठेवतो. त्याची इलेक्ट्रॉन आसक्ती २.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉन आत आला की एवढी ऊर्जा, अधिक त्याने सोबत आणलेली, रेणूत मोकळी होते. ती जाते कुठे? ६० अणूंच्या रेणूला कंपनाचे ३×६०−६ = १७४ प्रकार आहेत. केळीच्या बागेत पाटाचं पाणी एकाच वेळी दीडशे वाफ्यांत सोडलं तर एकही वाफा बांधावरून वाहत नाही, तसंच इथे. इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलायला लागेल एवढी ऊर्जा एका जागी पुन्हा जमतच नाही लवकर. म्हणून ऋण आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन धरलेला रेणू, न तुटता डिटेक्टरपर्यंत पोहोचतो. १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे इलेक्ट्रॉनही असे धरले जातात. एवढ्या ऊर्जेला लहान रेणू इलेक्ट्रॉन घेऊन बहुधा तुटतोच.

प्रयोगातली एक अडचण सांगतो, कारण पुस्तकांत ती एका ओळीत संपते. टॅन्जंट गॅल्व्हानोमीटरच्या प्रॅक्टिकलला आपण पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र वापरतो, तेच इथे घात करतं. आपल्या खान्देशात ते एकूण ०.४४ गॉसच्या जवळ आहे. त्यात १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन क्षेत्राला काटकोनात निघाला तर साधारण ८ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. झोत लक्ष्यापर्यंत सरळ पोहोचणारच नाही. म्हणून अख्ख्या कक्षाला म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) आवरण घालतात किंवा हेल्महोल्ट्झ कॉइलने, म्हणजे समोरासमोरच्या दोन वेटोळ्यांतल्या प्रवाहाने, क्षेत्र रद्द करतात.

अशी यंत्रणा तुमच्या कॉलेजात नसली तरी गणित घरच्या लॅपटॉपवर होतं. रेणूऐवजी एक पोकळ गोल घ्या: कवचात आकर्षक विभव, आत-बाहेर शून्य. कवचातल्या विभवाची खोली अशी ठेवा की बंधित अवस्था २.६८ च्या जवळ यावी. येणारी लाट कोनीय संवेगाच्या अंकानुसार (l) आंशिक लाटांत विभागा, आणि बेसेल फलनं जुळवून एकेकीचा फेज शिफ्ट, म्हणजे ती किती सरकली ते, काढा. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टला l = ० ते ३ पुरतात, १० ला ७-८ पर्यंत जावं लागेल. काटछेदात अरुंद शिखर दिसलं की ते कुठल्या l चं आहे ते वेगळं काढा. ती लाट l मुळे तयार होणाऱ्या अपकेंद्री अडथळ्याआड काही काळ अडकलेली असते. मग बाहेरच्या भागात ध्रुवणाचं (इलेक्ट्रॉन जवळ आल्याने रेणूतला प्रभार सरकून तयार होणाऱ्या आकर्षणाचं) १/r⁴ पद घाला आणि शिखरं किती सरकतात ते बघा. कमी ऊर्जेला या पदाचा परिणाम मोठा असतो, ते गाळून काढलेल्या उत्तरावर मी विसंबणार नाही.