विषकन्येच्या केसांतले कोल्ड क्रीम

प्रश्न : १९४०च्या दशकातील अमेरिकी 'फिल्म न्वार' (काळोख्या वातावरणाच्या गुन्हेगारी) चित्रपटांत पुरुषाला नादी लावून त्याचा घात करणारी स्त्री हटकून आढळते. अगदी कमी खर्चात काढलेल्या चित्रपटांतली ही विषकन्या म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या नायिकेची स्वस्त नक्कलच म्हणायची का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तसे मला मुळीच वाटत नाही. पॅरामाउंटच्या 'डबल इन्डेम्निटी'मधील (१९४४) बार्बरा स्टॅनविक पायात पैंजणासारखी साखळी घालून जिन्यावरून उतरते, तेव्हाच विमा एजंट घायाळ होतो. हा थाट पीआरसीसारख्या (प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन) गरीब चित्रपट कंपनीला परवडणारा नव्हता, आणि नेमक्या त्याच अडचणीतून एक वेगळीच बाई पडद्यावर आली.

याच पीआरसीच्या, एडगर उल्मर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'डिटूर'मधील (१९४५) व्हेरा पाहा. लिफ्ट मागत लॉस एंजेलिसकडे निघालेला पियानोवादक अल हा वाटेत मेलेल्या मोटारमालकाची गाडी आणि नाव घेऊन पुढे जात असतो. पेट्रोल पंपाजवळ तो व्हेराला गाडीत घेतो. ती थोडा वेळ डोळे मिटून पडते आणि एकाएकी ताठ बसून विचारते, की प्रेत कुठे टाकलेस? ती त्या मालकाच्या गाडीतून आधी आलेली असते. या भूमिकेसाठी अ‍ॅन सॅव्हेजचे नीटनेटके केस उल्मर यांनी कोल्ड क्रीम फासून मुद्दाम मळकट करवून घेतले होते. ती अलला रूपाने भुलवत नाही, पोलिसांचा धाक घालून राबवते. तिला हवा असतो तो पैसा, आणि तोही लवकर, कारण खोकल्याने ती आतून पोखरली गेली आहे. भाड्याच्या खोलीत दारू पीत दोघे एकमेकांवर खेकसतात, ते प्रसंग मला जिन्यावरच्या साखळीपेक्षा कितीतरी अधिक खरे वाटतात.

मोनोग्राम या अशाच कमी खर्चाच्या कंपनीच्या 'डिकॉय'मधील (१९४६) मार्गो, म्हणजे जीन गिली, दिसायला सुरेख आहे. परंतु टायर बदलायला वाकलेल्या साथीदाराच्या अंगावर ती ज्या निर्विकारपणे मोटार घालते, त्याला तोड नाही.

त्या काळच्या सेन्सॉर संहितेनुसार गुन्ह्याला शिक्षा व्हावीच लागे, त्यामुळे दोघींचाही शेवट मृत्यूत होतो. व्हेरा टेलिफोन घेऊन आतल्या खोलीत जाते, दाराला कडी लावते. तिच्या गळ्याभोवती वायर गुंडाळली गेली आहे हे ठाऊक नसताना अल ती बाहेरून ओढतो. निदान तो तरी तसे सांगतो. ही सगळी हकिकत आपण अलच्याच तोंडून ऐकत असतो, आणि मालकही आपोआपच मेला, असे सांगणारा तोच असतो. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा व्हेराच्या प्रत्येक प्रसंगात एवढे ध्यानात असू द्या, की तिच्याविषयीचा एकमेव साक्षीदार हा तिच्या मृत्यूला कारण झालेला माणूस आहे.