रेसमधून आलेली घोडी लगाम हातात घेतला की डोकं वर फेकते, कॉन्टॅक्ट (लगामातून हात आणि तिचं तोंड यांचा हलका, सलग संपर्क) घ्यायला कसं शिकवू?

लगाम सैल असला की छान चालते आणि जरा हातात घेतला की मान वर नाहीतर सुसाट, असं तुम्ही लिहिलंय ना, तर ती हट्टी अजिबात नाहीये. रेसच्या घोड्यांना सवयच असते की जॉकीने लगाम घट्ट धरला की त्यावर रेलायचं आणि पळायचं. तुम्ही "हळू" म्हणून ओढताय, तिला "पळ" ऐकू येतंय.

पण आधी दात तपासून घ्या, खरंच. माझा पहिला घोडा पण रेसमधून रिटायर झालेलाच, आणि घोडा सांभाळणारे मोतद्दार मामा रोज सांगायचे की हा चंदी (दाणा) खाताना अर्धी खाली सांडतो, मी लक्षच दिलं नाही. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर वरच्या दाढांच्या धारांनी गाल आतून सोललेले, आणि बिट (लगामाचा तोंडातला दांडा) लागतं तिथे दोन्ही बाजूंना वुल्फ टीथ, म्हणजे दाढांच्या पुढचे छोटे दात. दाढा घासल्या, ते दात काढले, जखमा भरल्या आणि निम्मा प्रॉब्लेम तिथेच संपला. नोजबँड (नाकावरून जाणारा पट्टा) पण बघा, नाकाच्या हाडावर दोन बोटं आरामात गेली पाहिजेत.

मग उरलेला निम्मा? तो मी होते :) मला कोणीतरी सांगितलं हात स्थिर ठेव, तर मी मुठी खोगिरावर रोवून पुतळ्यासारखी बसायचे. आता वॉक (साधी चाल) आणि कँटरमध्ये (हळू दौडीत) घोड्याची मान सारखी पुढे-मागे होत असते, हात जागेवर राहिला की दर पावलाला त्याच्या तोंडात हिसका. म्हणजे लगाम स्थिर हवा असेल तर हात हलायला हवा, खांदा-कोपर सैल सोडून मानेबरोबर जाऊ द्यायचा. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) मान फार हलत नाही म्हणून सुरुवात तिथून करा, 20 मीटरच्या गोलावर रायझिंग ट्रॉट (तालावर खोगिरातून उठत-बसत), फक्त तुम्ही उठताना मुठी वर नेऊ नका, कोपर उघडा.

लहान पोराचा हात धरून रस्ता ओलांडतो तेवढंच धरायचं, आणि घोडीला पायाने पुढे पाठवायचं, हाताने मागे ओढायचं नाही. तिने डोकं फेकलं तर लगाम एकदम सोडू पण नका, नाहीतर फेकलं की सुटका होते हे ती एका दिवसात शिकेल. हात तिच्याबरोबर वर जाऊ दे, पाय चालू ठेवा, आणि तिने मान खाली केली त्याच क्षणी बोटं सैल. पहिल्या आठवड्यात चार-पाच पावलं जरी मिळाली तरी शाबासकी देऊन लांब लगामावर चालू द्या.

कोणी म्हणालं ड्रॉ रेन्स (खोगिराच्या पट्ट्यापासून बिटच्या कडीतून हातात येणारे जादा लगाम) लावा, दोन दिवसांत डोकं खाली, तर ऐकू नका. डोकं येतं खाली, फोटो पण मस्त येतात, पण घोडा हनुवटी छातीशी घेऊन बिटच्या मागे लपायला शिकतो, हातात काही म्हणजे काही लागत नाही. मी लावले होते तीन आठवडे, ती सवय मोडायला आठ महिने गेले.