तिसरी-चौथीची मुलं स्वतःच्या मनानं लिहीत नाहीत; लेखन शिकवण्यासाठी शिक्षकानं कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

मॅडम, तुमची मुलं फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवतात, पण 'मनानं लिहा' म्हटलं की पेन्सिल चावत बसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आमच्याकडेही हेच चित्र होतं. माझं मत सरळ सांगतो: जो शिक्षक स्वतः लिहीत नाही, त्याला कुठल्याही प्रशिक्षणानं लेखन शिकवता येणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय. हे तास 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे व्हिडिओ पाहूनही भरतात. त्यातून माहिती मिळते, ती घ्याच. पण लेखन हे हाताचं काम आहे, ते करूनच कळतं. अमेरिकेत १९७४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी उपक्रम सुरू केला, तो याच पायावर: शिक्षकांनी आधी स्वतः लिहायचं आणि एकमेकांना शिकवायचं. पुढे तो देशभर पसरला. आपल्याकडे तर अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं दैनिक लिहून काढायचे.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्ही पोळ्याच्या सणावर लिहायला बसलो. विषय सगळ्यांच्या घरातला, तरी पहिली ओळ सुचेना. कोणी खोडलं, कोणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं. अगदी आपल्या वर्गातल्या मुलांसारखं! मग वाचून दाखवताना आवाज कापतो, हेही कळलं. त्यानंतर 'माझा आवडता सण'ची तयार सुरुवात फळ्यावर लिहून द्यायची सवय बऱ्याच जणांची सुटली. मुलांना आधी बोलू द्यायचं, चित्र काढू द्यायचं, मग लिहायचं, हा क्रम आपोआप आला.

दुसरं काम वह्यांचं, आणि माझ्या मते खरं प्रशिक्षण इथंच होतं. एका मुलीनं तिच्या घरच्या अहिराणी बोलीत लिहिलं होतं, 'मनी माय कापूस येचाले गयी व्हती.' एवढंच. वही सगळ्यांत फिरवली. पहिली प्रतिक्रिया अर्थातच 'मनीचं माझी करा, येचालेचं वेचायला करा.' पण आम्ही ठरवलं होतं की आधी मूल काय सांगतंय ते बोलायचं, मग काय जमलंय ते, आणि शेवटी पुढची एकच गोष्ट. वाक्य पुरं आहे, घडलेली गोष्ट आहे, कोण कशासाठी गेलं ते कळतं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी लाल पेन न उघडता विचारलं, 'मग कापूस मोजला कुठं?' तिनं आणखी तीन ओळी लिहिल्या. काट्यावर पिशवी टांगली, बापानं आकडा वाचला, मायच्या बोटाला बोंडाचं टोक लागलं होतं. प्रमाण मराठीतले शब्द नंतर तिच्याच ओळींच्या शेजारी आले, मूळ अहिराणी न खोडता. नंदुरबारकडे भिलोरी, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळांत तर हे जास्तच गरजेचं आहे. घरची बोली पहिल्याच ओळीत चुकीची ठरली तर दुसरी ओळ येतच नाही.

शुद्धलेखन, अनुलेखन, श्रुतलेखन चालू ठेवा, फक्त त्याचा तास वेगळा ठेवा.

केंद्रप्रमुखांना पुढच्या परिषदेत अर्धा तास मागा. नाहीच मिळाला तर शेजारच्या शाळांतल्या दोघा-तिघांना घेऊन शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसा. येताना प्रत्येकानं वह्या आणाव्यात: एक चांगली, एक मधली आणि ज्याचं काय करावं ते कळत नाही अशा मुलाची एक. ती शेवटची वही आधी उघडा. आणि अधूनमधून एकमेकांच्या लेखनाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा, तपासणीसाठी नव्हे, मुलं कुठं अडतात ते पाहायला.